‘चे’ या प्रत्ययाचा लोप : संख्यापदावलीचे वाचन आणि ऑनलाइन कॅलक्युलेटर

मराठी शाळांतून गणित शिकलेल्या बहुतेकांना ‘कंचेभागुबेव’ हा शब्द ठाऊक असतो. पदावलीतील क्रिया कोणत्या क्रमाने कराव्यात हे ध्यानात राहावे म्हणून घडविलेला हा अक्षरसमूह आहे : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्याला अर्थ नाही आणि व्युत्पत्तीही नाही. तथापि मराठीच्या अभ्यासकाने त्याच्याजवळ थोडे थांबावे असे एक कारण आहे. यातील चार क्रिया अंकगणिताच्या आहेत आणि कंस ही लेखनातील खूण आहे. दुसऱ्या स्थानी बसलेला ‘चे’ मात्र यांपैकी काहीच नाही. तो षष्ठी विभक्तीचा प्रत्यय आहे. व्याकरणातील एका प्रत्ययाला गणिती क्रियेच्या पंक्तीत बसविण्याचा, आणि तोही भागाकार-गुणाकारांच्या वरच्या पाटावर, हा प्रकार मराठी शालेय परंपरेत निमूटपणे रूढ झाला आणि त्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. आज मात्र पदावली कागदावर न सोडविता यंत्राकडे सोपविण्याची रीत पडली आहे, आणि त्या यंत्राच्या कळफलकावर ‘चे’ नाही. या अभावाचे परिणाम काय होतात, आणि ‘कंचेभागुबेव’ या सूत्राचे स्वतःचे मोल किती, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाकडे लेखकाचे लक्ष गेले ते दिंडोशीत. मुंबईच्या पश्चिम उपनगरात, गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्वेकडील टेकडीच्या उतारावर ही वस्ती आहे; मृणाल गोरे प्रभृतींच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली नागरी निवारा परिषदेची वसाहत याच परिसरातील. तेथील एका आप्तांच्या घरी पाचवीतला मुलगा शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव करीत बसला होता. त्याच्या वहीत पुढील पदावली होती :

१२ ÷ ६ चे १/२

मुलाने प्रथम ४ हे उत्तर लिहिले होते. मग पडताळा पाहावा म्हणून त्याने दूरध्वनीवरील एका ऑनलाइन कॅलक्युलेटरात ही पदावली भरली. ‘चे’ची कळ नसल्यामुळे तेथे, शाळेत सांगितल्याप्रमाणे, गुणाकाराची खूण दाबली. यंत्राने १ हे उत्तर दिले. मुलाने ४ खोडून १ लिहिला. त्याची आठवीतील बहीण सेमी-इंग्रजी वर्गात गणित इंग्रजीतून शिकते. तिच्या ओळखीची मांडणी ‘ऑफ’ने होणारी, म्हणजे अर्धा आधी आणि सहा मागून अशी. तिने त्याच क्रमाने १२ ÷ १ ÷ २ × ६ असे भरले आणि ३६ मिळविले. पुढे तिने अपूर्णांकाची स्वतंत्र कळ असलेला कॅलक्युलेटर उघडला. त्यावर १४४ आले. एका ओळीची चार उत्तरे झाली. पुस्तकाच्या शेवटी छापलेले उत्तर ४ होते. म्हणजे मुलाने खोडलेले उत्तरच बरोबर होते. तरीही ते त्याने पुन्हा लिहिले ते संकोचाने, पुस्तकात छपाईची चूक असावी अशा मुद्रेने.

यंत्राने चूक केली काय? मुळीच नाही. त्याला जे विचारले गेले त्याचे उत्तर त्याने अचूक दिले. वरील चारही उत्तरे चार निरनिराळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरे आहेत, आणि ते चारही प्रश्न मराठीत कंसाच्या साहाय्यावाचून स्वच्छ सांगता येतात. ‘बाराला सहाच्या निम्म्याने भागा’ म्हटले की ४. ‘बाराला सहाने भागून जे येईल त्याचे निम्मे करा’ म्हटले की १. ‘बाराचे निम्मे करून त्याची सहापट करा’ म्हटले की ३६. ‘बाराला अर्ध्याने भागा आणि जे येईल त्याची सहापट करा’ म्हटले की १४४. वाचकांनी ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. कोठेही घोटाळा होत नाही, कारण कोणती संख्या कोणाशी बांधली आहे हे ‘ला’, ‘ने’, ‘च्या’, ‘ची’ हे प्रत्यय आणि ‘भागून’, ‘करून’ ही पूर्वकालवाचक धातुसाधिते सांगतात. जे काम पदावलीत कंसांना करावे लागते, ते मराठी वाक्यात विभक्ती करते. कळफलकावर येताना ही सर्व बांधणी गळून पडते. मागे राहतात त्या केवळ संख्या आणि चार खुणा. त्यांच्यामधील संबंध कसा लावायचा हे मग यंत्र घडविणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

भागाचा भाग घेणे ही आपल्या गणितपरंपरेत एक स्वतंत्र क्रिया मानली गेली आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अपूर्णांकांच्या विवेचनात ‘प्रभागजाति’ नावाचे प्रकरण आहे. तेथील उदाहरण प्रसिद्ध आहे. एका कृपणाने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाच्या तीन-चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या षोडशांशाचा चतुर्थांश दिला; तर त्याने किती कवड्या दिल्या? गुणाकार करता १/१२८० द्रम्म येतो. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या कवड्या १२८०, आणि दान झाले एका कवडीचे. हेच उदाहरण ऑनलाइन कॅलक्युलेटरात भरले तर ०.०००७८१२५ असे उत्तर येते. ते निर्दोष आहे. मात्र त्यात कवडीही नाही आणि कृपणही नाही. ते असो. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की निव्वळ ‘चे’ची साखळी असेल तोवर यंत्र आणि परंपरा यांत भेद पडत नाही, कारण गुणाकार कोणत्याही क्रमाने केला तरी फळ तेच. भेद पडतो तो ती साखळी भाजकाच्या जागी येते तेव्हा. आपल्या जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ होत, तेव्हा ‘सहाचे अर्धे’ हे मुलाच्या मनात एकच पद असे. त्याची फोड सहा, गुणिले, एक, भागिले, दोन अशी पाच तुकड्यांत करावी असे कोणाला सुचलेही नसते. दिंडोशीच्या मुलाने प्रथम जे ४ लिहिले ते या जुन्या कानाने ऐकून लिहिले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता ‘कंचेभागुबेव’कडे वळू. त्याचा केवळ कैवार घेऊन चालणार नाही. ‘चे’ला जागा दिली हे त्याचे श्रेय, पण त्यातील क्रम अक्षरशः पाळला तर एके ठिकाणी उत्तर चुकते. १० − ४ + ३ ही पदावली घ्यावी. ‘बेव’ म्हणजे बेरीज आधी, मग वजाबाकी. या आज्ञेप्रमाणे ४ आणि ३ यांची बेरीज ७, ती १० मधून वजा केली की ३. बरोबर उत्तर ९. चांगले शिक्षक येथे पुस्ती जोडतात की बेरीज आणि वजाबाकी समान दर्जाच्या असून डावीकडून उजवीकडे कराव्यात. पुस्ती योग्य आहे. परंतु जे सूत्र पुस्तीवाचून खोटे ठरते ते सूत्र म्हणून पांगळेच होय.

मौज अशी की ‘भागु’ या जोडीत हा दोष नाही. ८ × ६ ÷ ३ मध्ये भागाकार आधी केला तरी १६, डावीकडून गेले तरी १६. १२ ÷ ६ × २ मध्ये भागाकार आधी, म्हणून ४, तेही बरोबर. भागाकार डावीकडून एकामागून एक उरकून घेतले आणि मग गुणाकार केले, तर उत्तर कधीही चुकत नाही. याउलट अमेरिकेतील मुले जे सूत्र पाठ करतात त्यात गुणाकाराचे अक्षर भागाकाराच्या आधी येते. ते अक्षरशः पाळले तर १२ ÷ ६ × २ चे उत्तर १ येईल. म्हणजे या जागी मराठी सूत्र अमेरिकन सूत्रापेक्षा निर्धोक आहे. मग ‘बेव’ का फसते? कारण तेथे क्रम उलटा पडला. भागाकाराचे गुणाकाराशी जे नाते तेच वजाबाकीचे बेरजेशी; जो नियम वरच्या जोडीत उलटी क्रिया आधी घेतो, त्याने खालच्या जोडीतही तसेच करावयास हवे होते. वजाबाकी आधी केली तर १० − ४ + ३ मध्ये ६ + ३, म्हणजे ९. ३ + १० − ४ मध्ये ३ + ६, पुन्हा ९. १० − ४ + ८ − ३ मध्ये ६ + ५, म्हणजे ११. कोठेही बाध येत नाही. तेव्हा सूत्र ‘कंचेभागुवबे’ असे असते तर पुस्तीची गरजच उरली नसती. हा दोष इंग्रजी ‘बॉडमास’मधून आपल्याकडे आला असावा, कारण तेथेही बेरजेचे अक्षर आधी आहे, पण तेथील क्रम उच्चारासाठी जुळविलेला, आपल्याला ती अडचण नव्हती. ‘बेव’ आणि ‘वबे’ हे उच्चारायला सारखेच ओबडधोबड.

यंत्रांकडे पाहिले तर तेथेही एकवाक्यता नाही. सामान्य समजूत अशी की माणसे निरनिराळी वाचतील, यंत्र मात्र एकच वाचील. विंडोजमधील कॅलक्युलेटर साध्या रूपात २ + ३ × ४ चे उत्तर २० देतो. तोच शास्त्रीय रूपात उघडला की १४ देतो. पहिला कळा दाबल्या त्या क्रमाने क्रिया उरकत जातो, दुसरा पूर्ण पदावली पाहून क्रम लावतो. एकाच खिडकीत दोन व्याकरणे नांदत आहेत. एक्सेलमध्ये −३^२ लिहिले तर ९ येतात, गूगलच्या कॅलक्युलेटरात −९. मराठीत ‘उणे तीनचा वर्ग’ आणि ‘तीनच्या वर्गाचे उणे’ हा भेद पुन्हा षष्ठीनेच दाखविला जातो. टक्क्यांचे उदाहरण तर दुकानदाराच्या रोजच्या व्यवहारातले आहे. १०० + १०% असे भरले असता पुष्कळ दूरध्वनींवरील कॅलक्युलेटर ११० देतात, एक्सेल १००.१ देते. एक्सेलच्या लेखी टक्क्याची खूण म्हणजे शंभराने भागणे, त्याहून अधिक काही नाही. दूरध्वनीवरील यंत्र ‘शंभरावर शंभराचे दहा टक्के’ असे मनाशी पूर्ण वाक्य करून घेते. पहिले यंत्र लिहिलेले वाचते, दुसरे न लिहिलेले प्रत्ययही वाचते. कोणते अधिक शहाणे हे ठरविणे कठीण. बिल करणाऱ्याला मात्र आपल्या हातातले यंत्र यांपैकी कोणते हे माहीत असणे अगत्याचे आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात ८ ÷ २(२ + २) या पदावलीवरून समाजमाध्यमांवर मोठा वाद झाला. एका पक्षाचे उत्तर १६, दुसऱ्याचे १. स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहिला. वादाचे मूळ असे की २ आणि कंस यांच्यामध्ये खूणच नाही. खुणेवाचून शेजारी ठेवलेली पदे अधिक घट्ट बांधलेली मानायची की नाही? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या टीआय-८२ या गणकयंत्राने ती घट्ट मानली. त्याच कंपनीच्या पुढच्या टीआय-८३ ने मानली नाही. हा वाद वाचताना मराठी वाचकाला तो अनोळखी वाटू नये. शेजारी ठेवलेली पदे भागाकाराच्या आधी जुळवावीत असे म्हणणारा पक्ष जे मागतो, तेच ‘कंचेभागुबेव’तील ‘चे’ने मराठी मुलाला देऊ केले होते. खुणेने दाखविलेला गुणाकार वेगळा आणि संबंधाने दाखविलेला गुणाकार वेगळा, हा तो भेद. शालेय मराठीने त्याला नाव दिले, स्थान दिले. जगाने त्याला अजून एकमताने स्थान दिलेले नाही.

यावर आक्षेप येईल की ‘चे’चे वरचे स्थान हाही एक शालेय संकेतच आहे, उच्च गणितात त्याला कोणी विचारीत नाही. आक्षेप खरा आहे. गणितज्ञ अशी पदावली लिहीतच नाहीत. ते भागाकार आडव्या रेघेने लिहितात, आणि रेघेखाली जे आहे ते एकत्र हे डोळ्याला दिसते. ÷ ही खूण रान या स्विस गणितज्ञाने १६५९ मध्ये वापरली, × ही ऑट्रेडने १६३१ मध्ये. या खुणा एका ओळीत ओवून लिहिण्याची सवय मुख्यतः शाळांनी आणि यंत्रांनी वाढविली. परंतु ऑनलाइन कॅलक्युलेटराचा बहुसंख्य वापर उच्च गणितासाठी होत नाही. तो शाळकरी मुले, स्पर्धा-परीक्षांचे उमेदवार आणि हिशेब करणारी माणसे करतात, आणि ती आडव्या रेघेने नव्हे तर वाक्याने विचार करतात.

येथे यंत्राच्या पोटातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपण भरलेली पदावली यंत्र आहे त्याच रूपात सोडवीत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६१ मध्ये मांडलेली एक रीत अशी की पदावलीतील क्रिया-चिन्हे उचलून संबंधित संख्यांच्या मागे नेऊन ठेवायची, म्हणजे कंस उरतच नाहीत. पाच आणि तीन यांच्या बेरजेला दोनाने गुणायचे असेल तर ५ ३ + २ × असे रूप होते. पोलिश तर्कशास्त्रज्ञ वुकासिएविच यांनी १९२४ मध्ये कंसविरहित लेखन सुचविले होते, त्यात क्रिया आधी येई. हे त्याचे उलटे रूप. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचे १९७२ मधले एचपी-३५ हे खिशात मावणारे गणकयंत्र याच रीतीने चालत असे आणि त्यावर बरोबरची कळच नव्हती. आता ‘पाचात तीन मिळवून दोनाने गुणा’ हे वाक्य त्याशेजारी ठेवावे. संख्या आधी, क्रिया मागून. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषेत हे सहज घडते. जपानी आणि तमिळ भाषांतही ते घडते, तेव्हा यात मराठीने फुशारकी मारण्याजोगे काही नाही. बख्शाली हस्तलिखितात ऋण दाखविणारी खूण संख्येच्या मागेच लिहिली आहे, आणि ती खूण आजच्या अधिकचिन्हासारखी दिसते, हा एक वेगळाच विनोद. सांगावयाचे ते इतकेच की मराठी मुलाने मनात जे वाक्य जुळविलेले असते ते यंत्राच्या अंतर्गत रूपाला कळफलकावरील ओळीपेक्षा अधिक जवळचे असते. मधल्या पायरीवर आपण त्याला एका परक्या मांडणीत उतरवितो, यंत्र ती पुन्हा उलगडते, आणि प्रत्यय गळतो तो या मधल्या पायरीवर.

संख्या कशी उच्चारावी यावर महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ ही वाचनपद्धती आली, तेव्हा वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळात वादळ उठले. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले. त्या वादात भाषेचा अभिमान पुष्कळ व्यक्त झाला. परंतु एक संख्या कशी वाचावी याहून संख्यांमधील संबंध कसा वाचावा हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याविषयी आपण जवळजवळ मौन पाळले. ‘सत्तावन्न’ की ‘पन्नास सात’ यावर घरोघर मते होती. ‘सहाचे अर्धे’ कळफलकावर कसे उतरवावे यावर दिंडोशीच्या त्या घरात कोणाचेही मत नव्हते, आणि प्रस्तुत लेखकाचेही त्या क्षणापर्यंत नव्हते.

उपाय फार मोठा नाही. पदावली यंत्रात भरण्यापूर्वी तिचे पूर्ण मराठी वाक्य करावे, आणि वाक्यात जेथे षष्ठी आली असेल तेथे कंस घालावा. ‘१२ ÷ ६ चे १/२’ चे ‘१२ ÷ (६ × १ ÷ २)’ असे झाले की कंस भरता येणारे यंत्र ४ च देते. त्या संध्याकाळी तिन्ही कॅलक्युलेटरांवर ते करून पाहिले. शेकडा असेल तेथे ‘कशाचा शेकडा’ ते लिहावे : १०० + (१०० × १० ÷ १००). प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही ‘चे’ भाजकात येत असेल तर कंस छापावा. विद्यार्थ्याची संकेतावरील पकड तपासणे हा हेतू असेल तर तो कंसावाचून साधतो हे खरे, पण ज्या संकेताला यंत्रे जुमानीत नाहीत त्यावर गुण कापताना परीक्षकाने थोडा विचार करावा. शेकड्याच्या बाबतीत इंग्रजी ‘ऑफ’ ओळखणारी यंत्रे आता आहेत. मराठी ‘चे’ ओळखणारे एखादे यंत्र घडविणे तंत्रदृष्ट्या अवघड नसावे, पण त्यासाठी ‘चे’, ‘चा’, ‘ची’, ‘च्या’ या चारही रूपांचे आणि ‘निम्मे’, ‘पाव’, ‘पाऊण’, ‘सव्वापट’, ‘दीडपट’ या शब्दांचे नीट कोष्टक कोणीतरी आधी करावयास हवे. ते काम गणित विभागाचे नव्हे, मराठी विभागाचे आहे.

मुलाने कंस घालून ४ मिळविल्यावर आपली वही पुन्हा उघडली आणि मागील पानावरची आणखी दोन उदाहरणे काढली. त्यांतही ‘चे’ होते. त्यांपैकी एकात ते भाजकाच्या जागी नव्हते, तेव्हा यंत्राचे उत्तर आणि त्याचे उत्तर आधीपासूनच जुळत होते. दुसऱ्यात त्याने २ खोडून १८ लिहिले होते. त्याने १८ खोडले.